साळवींचा दगड

फोन नीताचा होता. "मावशी, आई गेली... सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच." आदल्याच रविवारी तिच्या आईला, मार्थावहिनींना, भेटले होते. थकल्या होत्या, पण फरीदाबादच्या बोअरच्या पाण्याला शिव्या घालण्याइतका दम अंगात शिल्लक होता. आता महिना-सव्वा महिना झाला, तरी त्यांच्याबद्दल रडत लिहावं असं वाटत नाही. ही बाई जिंकून गेली. ते सांगायलाच बसले आहे.

आम्ही दोघी पुण्याच्या. नव्वदीच्या सुरुवातीला फरीदाबादच्या एकाच कारखान्यात आमच्या नवऱ्यांना नोकऱ्या लागल्या आणि एका जिन्यात समोरासमोर घरं मिळाली. त्या ख्रिस्ती, आम्ही ब्राह्मण. नाताळच्या करंज्या इकडे यायच्या, गणपतीचे मोदक तिकडे जायचे. दारं बहुतेक उघडीच. नव्या परदेशी यंत्रांचं काम सुरू झालं तशी माणसं पहाटे जायची, रात्री यायची. पगार वाढले, रंगीत टीव्ही आले आणि त्याच धामधुमीत वहिनींचे यजमान शामुवेल साळवी एका दुपारी कारखान्यातच हृदय बंद पडून गेले. नीता तेव्हा तिसरीत. सगळ्यांनी सांगितलं, पुण्याला परत जा. वहिनी म्हणाल्या, "यांना इथे एकटं ठेवून?" आणि एका शाळेत नोकरी धरून राहिल्या.

वर्षभरानं, कबरीवरची माती बसल्यावर, त्यांनी नावाच्या दगडासाठी काळा ग्रॅनाइट निवडला. मी सोबत होते. कोरणाऱ्यानं आधी कागदावर नाव काढून दाखवलं : शामुवेल सालवी. वहिनी म्हणाल्या, "ये ल नहीं, ळ चाहिए." तो म्हणाला, "मैडम, हिंदी में तो सालवी ही होगा. ये अक्षर यहाँ कोई पढ़ेगा नहीं." "मैं पढ़ूँगी," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "सालवी कोण गं? मी साळवी नावाच्या माणसाशी लग्न केलंय." त्याच्या हातातला खडू घेऊन त्यांनी फरशीवर हातभर मोठा ळ काढला. त्यानं तो गिरवला, पुसला, पुन्हा गिरवला... आणि शेवटी दगडात उतरवला. नावाखाली दोनच शब्द : पुन्हा भेटू.

त्या दगडाची निगा त्यांनी जशी राखली तशी माणसं स्वतःच्या घराचीही राखत नाहीत. बोअरच्या पाण्यानं पांढरे थर चढतात म्हणून घरून गाळलेलं पाणी न्यायच्या. थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं पुसायचं. तेजाबाचं नाव काढलं की खवळायच्या. "चकाकी एकदा गेली की गेली. घासून नाही, धीरानं निघतं सगळं."

मग शहर पसरलं. दफनभूमीच्या भिंतीला लागून मोहरीचं शेत होतं, तिथे टॉवर उठायला लागले. एका वाऱ्याच्या दिवशी वरच्या मजल्यावर काँक्रीट ओतताना सिमेंटचं पाणी उडालं आणि भिंतीकडची अख्खी रांग राखाडी होऊन गेली. कळून आम्ही पोहोचेपर्यंत ते दगडासारखं घट्ट झालं होतं. साळवींच्या नावाचं एक अक्षर दिसत नव्हतं. वहिनींनी त्यावरून फक्त हात फिरवला.

बिल्डरचा मॅनेजर नम्र होता. सगळे दगड काढून ईस्टरच्या आत नवे, एकसारखे बसवून देतो म्हणाला. दफनभूमीच्या समितीला ते पटलं, बहुतेक कुटुंबांनाही. "आंटीजी, इससे बढ़िया लगवा देंगे, बिल्कुल नया."

"नया किसके लिए? मेरा आदमी तो पुराना है," वहिनी म्हणाल्या.

समितीचे सेक्रेटरी चिडले. अखेर म्हणाले, झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, तुमचा दगड साफ करून दाखवा, नाहीतर सगळी रांग एकदम निघेल. वहिनी निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत होते. तरी रोज सकाळी आम्ही जायचो. जुन्या चादरी ओल्या करून दगडावर पांघरायच्या, सिमेंट भिजू द्यायचं, मग बांबूच्या कामटीनं कडेकडेनं उचकटायचं. लोखंड लावायचं नाही. कधी दिवसभरात तळहाताएवढंही निघत नसे. मी एकदा वैतागून म्हटलं, "वहिनी, नवा दगड घ्या ना, त्यावरही ळ कोरून घेऊ." त्या काम न थांबवता म्हणाल्या, "यावर मी इतकी वर्षं हात फिरवलाय, विद्या. तो कसा कोरून घेणार?" मी पुन्हा कामटी उचलली.

आधी 'भेटू' दिसलं. मग 'शामुवेल'. झावळ्यांच्या रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरी आले तेव्हा 'ळ'मधलं शेवटचं सिमेंट वहिनी बांबूच्या काडीनं काढत होत्या. त्यांनी फडकं फिरवलं आणि बाजूला झाल्या. काळ्याभोर दगडात सेक्रेटरींचा स्वतःचाच चेहरा दिसत होता. त्यांनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मेरी माँ का भी इसी लाइन में है... वो भी निकलेगा क्या?"

"बैठिए," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात ओली चादर दिली.

रांग तुटली नाही. तो आठवडा लोक ऑफिसला सुट्ट्या टाकून आले; मानेसरहून, गुडगावहून. ईस्टरला उजाडताना सगळी मंडळी दफनभूमीत गायला जमली, तेव्हा त्या रांगेतलं प्रत्येक नाव वाचता येत होतं. वहिनी पुढे उभ्या होत्या, सगळ्यांत मोठ्यानं, आणि चक्क बेसूर गात होत्या. मला ते गाणं येत नव्हतं; मीही गायले.

परवा शनिवारी नीता आणि मी दफनभूमीत गेलो. शेजारीच वहिनींची कबर, तिची माती अजून बसलेली नाही. दगड सावकाश बसेल. नीता मोठ्या कंपनीत मॅनेजर, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरते. ती वडिलांच्या दगडापाशी मांडी घालून बसली आणि पुसायला लागली. मी नुसतीच बघत उभी... तोच खालून आवाज आला, तोच ठसका, तोच हुकूम :

"मावशी, सरका जरा. तुमची सावली पडतेय, डाग दिसत नाहीये."

मी सरकले.