साडूंचं जपान

जपानला एकदाही न जाता अख्खं जपान सातारा-सांगली जिल्ह्यांत शोधून काढणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि माझं नशीब असं, की तो माझा साडू आहे. बरं, शोधायचं तर एकट्यानं शोधावं! पण नाही. महिन्यातून दोनदा विट्याहून पहिल्या एसटीनं निघून हा गृहस्थ सकाळी माझ्या साताऱ्याच्या घराच्या दारात हजर. खांद्याला पिशवी, पिशवीत गुलाबी छत्री आणि तोंडात एकच वाक्य, "आवं पावणं, चला, जागा घावली." माझ्या हातात चहाचा कप असतो, तो तसाच राहतो. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी निवांत पेपर वाचायचा हक्क असतो, हे आमच्या साडूंच्या गावीही नाही.

साडूंची हयात तमिळनाडूत सोन्याच्या गलाईच्या दुकानात गेली. विट्याकडच्या कितीतरी माणसांची तशीच जाते. सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं आणि ते किती शुद्ध आहे, म्हणजे त्याचा टंच किती, ते सांगायचं. दुकान बंद करून गावी आले तरी ही खोड काही सुटली नाही. आमटी असो, नवा जावई असो, की कुणाचं भाषण असो, हे आधी टंच सांगणार. माझ्या मुलाच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी जिलबीला "बासष्ट टंच" म्हणून जाहीर केलं आणि आचारी रुसून भटारखान्यात जाऊन बसला. त्याची समजूत मी काढली. साडू तोवर मठ्ठ्याचा टंच काढत होते.

अशा माणसाला म्हातारपणी जपानी कार्टून सिनेमांचं याड लागायचं कारण काय? कारण त्यांची लेक. एकुलती एक. पोरगी लहानपणापासून ते सिनेमे बघायची आणि त्यातली चित्रं वहीत काढत बसायची. बारावीला मार्क कमी पडले, तेव्हा साडूंनी रागाच्या भरात तिच्या सगळ्या वह्या रद्दीवाल्याला घातल्या. पोरगी रडली नाही, भांडली नाही. पुण्याला जाऊन जपानी शिकली आणि नोकरी धरून थेट तिकडंच गेली. आईशी रोज फोनवर बोलते. बापाशी तीन वर्षांत एक शब्द नाही. मग मागच्या दिवाळीत माळा झाडताना रद्दीतून वाचलेली एक वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'बघायची ठिकाणं'. आत सिनेमांतल्या जागांची तिनं काढलेली एकवीस चित्रं. डोंगरउतारावरची भातखाचरं, देवळाच्या पायऱ्या, रेल्वे फाटकापाशी गुलाबी छत्री घेऊन उभी असलेली मुलगी, असं बरंच काही.

मी म्हटलं, "मग जा की जपानला. तिकीट काढा."

"लेकीनं बोलावल्याबिगर?" साडू म्हणाले. "कंच्या तोंडानं जाऊ, पावणं?"

म्हणून ही शक्कल. चित्रातल्यासारखी जागा इथं शोधायची, तिचा फोटो काढायचा आणि लेकीला पाठवायचा. बापानं वही पानन् पान बघितली, एवढं तरी तिला कळावं. फोटो जातो, तिनं बघितल्याच्या दोन निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे, म्हणून तर मला त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता येत नाही म्हणून जास्तच चीड येते.

त्यात पद्धत अशी, की विचारू नका. तिकडचे सिनेमावेडे लोक म्हणे त्या त्या जागी जाऊन चित्र हातभर लांब धरतात आणि चित्रातल्या रेघा समोरच्या डोंगराशी जुळवतात. साडूंनी हे फोनवर बघितलं आणि उचललं. वहीतलं पान समोर धरून, एक डोळा मिटून ते अर्धा अर्धा तास उभे राहतात. "गुंजभर डावीकडं," असं स्वतःशीच पुटपुटत सरकतात. मेढ्याच्या पुढं भातखाचरांच्या बांधावर असेच सरकत होते, तर गावातली पाच-सहा माणसं पळत आली. त्यातली एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं सायेब, मोजणी करताय व्हय? आमच्या रानातनं रस्ता न्हाई जाऊ द्यायचा, सांगून ठिवते!" कागद घेऊन एक डोळा मिटलेला माणूस सरकारीच असणार, असं त्यांना वाटलं. मी तासभर घसा कोरडा करून समजावलं. शेवटी साडूंनी तिला चित्र दाखवलं. म्हातारीनं ते नीट निरखलं आणि म्हणाली, "हिथं माझी म्हस न्हाई काढली." साडूंनी त्या जागेला सत्तर टंच दिले. म्हशीमुळे दहा कापले.

आणि चित्रात माणूस असला, की तिथं मी! हे स्वतः फोटोत कधीच येत नाहीत. "माझं त्वांड दिसलं तर फोटू उघडायची न्हाई ती," म्हणतात. म्हणून देवळाच्या पायऱ्यांवर पळणारा मुलगा मी, पुलावर वाकून नदी बघणारी आजी मी, आणि कृष्णाकाठच्या त्या रेल्वे फाटकापाशी छत्रीवाली मुलगीही मीच. वय वर्षं चौसष्ट, गुडघे गेलेले, हातात गुलाबी छत्री. बरं, फाटकवाला कोण निघावा? माझा विद्यार्थी. "सर, तुमी?" म्हणत तो वाकून पाया पडला आणि मग त्यानं हळूच विचारलं, "प्री-वेडिंग हाय व्हय, सर? कुणाचं?" धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. त्या दिवशी मी साडूंना साफ सांगून टाकलं, की आता बास, पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.

आठवडाभरानं सकाळी साडू दारात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन पुढं केला. "चष्मा इसरलो. तुमीच वाचा." चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी वाचलं.

'अण्णा, छत्री उजव्या हातात पाहिजे. फाटक बंद असताना काढा. आणि काकांना त्रास देऊ नका, तुम्ही उभे राहा.'

मी मोठ्यानं एकदा वाचलं. साडू म्हणाले, "अजून एकदा वाचा की." चार वेळा वाचायला लावलं गड्यानं. चहा तसाच राहिला.

त्या फाटकापाशी आम्ही दुपारी पोचलो. साडूंनी वहीचं पान आणि फोन माझ्या हातात दिला आणि छत्री उघडून रुळांजवळ जाऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते पान हातभर लांब धरलं आणि एक डोळा मिटला. पण ह्या माणसाला एका जागी धड उभं राहता येईल तर ना! छत्री एकदा ह्या हातात, एकदा त्या हातात. मधेच नाक पुसतात, मधेच डोळे पुसतात, आणि गाडी तर यायला लागलेली. फाटक खाली आलं.

"उजव्या हातात, साडू! उजव्या!" मी ओरडलो.

"किती टंच, पावणं?" ते तिकडून ओरडले.

पानावर ती पोरगी उभी होती, आणि पानाच्या कडेपलीकडं तिचा बाप, तसाच, त्याच हातात छत्री धरून. मला नीट दिसेना. माझा मिटलेला डोळाही भरून आला होता.

"हलू नका," मी म्हटलं. "तसेच उभे राहा."