पाण्यावरची अंबाडी

बाबा जेवताना ताटावर डावा हात आडवा धरायचे. मी भात नाहीतर पोळी घेऊन दुसऱ्यांदा त्यांच्याजवळ गेले रे गेले की तो हात आलाच. "पुरे माय." पहिल्यांदा वाढलं तेवढंच, वर एक घास नाही. माणूस उपाशी उठतोय हे मला स्वच्छ दिसायचं, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. आधीच माझा राग नाकावर. दोन-चार वेळा मी भाताचं भांडं ओट्यावर आदळलंसुद्धा. बाबांवर काही परिणाम नाही. हात धुवायचे, ताट स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवायचे आणि हॉलमध्ये जाऊन पेपर उघडायचे.

आमच्या वऱ्हाडाकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं खात नाहीत. नातवंड झालं की ही अट सुटते म्हणतात. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती, म्हणजे अट सुटून दहा वर्षं झाली होती. बाबांनी ती अर्धीच सोडली होती. खायचे, पण मागायचे नाहीत. मी त्यांना किती समजावलं! म्हटलं, बाबा, मीही नोकरी करते, हे घर जितकं जावयाचं तितकंच माझं आहे. ते म्हणायचे, बरोबर आहे तुझं. आणि हात तिथल्या तिथे.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही शारजात रोल्लाला एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहायचो. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि मी एकुलती एक. बाबांनी सगळा जन्म एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून काढलेला. रिटायर झाल्यावर घरात एकटे, दोन्ही वेळ डबा. फोनवर विचारलं की मजेत आहे म्हणायचे, पण आवाजात काही मजा नसायची. शेवटी भांडून-भांडून त्यांना व्हिजिटवर बोलावलं. माझ्या मनात पक्कं होतं, ते परत जाणार नाहीत. नवऱ्यानेही मनापासून हो म्हटलं होतं, पुढच्या व्हिसाचं बघतो म्हणाला होता. राजी नव्हते ते एकटे बाबाच. लेकीकडे पाहुणा म्हणून यावं, राहायला नाही, हे त्यांचं ठरलेलं.

निघायच्या आधी मी त्यांना फोनवर दहादा बजावलं होतं, अनारसे आणू नका. अनारशावर खसखस असते आणि इथे खसखस म्हणजे अफूचं बी. एअरपोर्टवर खसखशीच्या पुडीपायी कोण अडकलं, कुणाला किती दिवस आत बसावं लागलं, हे रोल्लातल्या प्रत्येक मराठी घरात कुजबुजत सांगितलं जायचं. आमच्या ओळखीच्या बायका तर मिक्सरमधून निघालेल्या जुन्या मसाल्यालाही घाबरायच्या, न जाणो त्यात खसखस असेल म्हणून. बाबांनी बिचाऱ्यांनी अनारसे घरीच ठेवले. पण लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? म्हणून त्यांनी रुमालाच्या गाठीत अंबाडीचं बी बांधून आणलं. आई दर वर्षी परसात लावायची, त्यातलं.

आता पेरायचं कुठे? आमच्या घरात मूठभर माती नव्हती. पण माझा नवरा पाण्याच्या प्लांटच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने कुठल्याशा ग्रीनहाऊसचं काम केलं होतं, तिथे त्याने पाइपांतून, बिनमातीचं, नुसत्या खताच्या पाण्यावर लेट्यूस उगवलेलं बघितलं होतं. तेव्हापासून साहेबांना खूळ लागलेलं. किचनशेजारच्या स्टोअरमध्ये त्याने पांढरे पीव्हीसी पाइप भोकं पाडून भिंतीला लावले होते. खाली बादली, बादलीत माशांच्या टाकीचा पंप, वर ट्यूबलाइटी. खिडकीला ऊन आत येऊ नये म्हणून फॉइल चिकटवलेला होताच. त्यात त्याने उगवलेलं लेट्यूस आम्ही तिघांनी एकदा खाल्लं आणि परत त्याचं नाव काढलं नाही.

बाबांनी ते सगळं पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसले. हा काय दवाखाना आहे का, झाडाला सलाइन लावून ठेवायला, म्हणाले. आईच्या मागे मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी ती रुमालाची गाठ सोडली.

स्पंजच्या तुकड्यांत त्यांनी बी खोचलं. आठवड्याभरात हिरवे कोंब वर आले आणि खाली भोकांतून पांढऱ्या मुळ्या पाण्यात लोंबू लागल्या. बाबा बदलले हो. सकाळी उठून आधी स्टोअरमध्ये. पंपाचा आवाज ऐकून सांगायचे, आज घरघरतोय, कचरा अडकलाय. नवरा संध्याकाळी दमून यायचा तो बूट काढायच्या आधी तिकडेच. मग दोघांचं सुरू. खत जास्त झालं, खत कमी झालं, लाइट वर घ्या, नको, खालीच बरा. माझा नवरा अबोल माणूस. लग्न झाल्यापासून माझ्याशी सलग दहा मिनिटं बोललेला मला आठवत नाही, आणि माझ्या बापाशी तासतासभर वाद घालायचा! मी किचनमधून टोमणे मारायचे, पण मला आतून इतकं बरं वाटायचं. वाटायचं, रमले. राहतील आता.

मला वाटतं, बाबांच्या मनातही काहीतरी सैल होत होतं. पहिली कोवळी पानं खुडून त्यांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवली तेव्हा म्हणाले, हे माझ्याकडून. दुकानातली मरगळलेली मेथी दोन दिरहॅमला, म्हणजे वीसेक रुपये होतात, हा हिशेब ते रोज मोठ्याने करायचे. त्या दिवशी केला नाही. ताटावरचा हात मात्र त्या दिवशीही आलाच.

झाडं कमरेएवढी झाली. खालची पानं साधी, पण वर वर जाताना पान फाटत जातं, बोटं बोटं होतात, कडेला करवतीसारखे दाते. ज्याने अंबाडी बघितली आहे त्याला यात नवल नाही. आम्हाला कुणालाच नव्हतं.

एका बुधवारी लेक शाळेतून आली, स्टोअरच्या दारात उभी राहिली आणि दप्तरही न काढता म्हणाली, "मम्मा, आजोबा इज ग्रोइंग ड्रग्ज."

शाळेत त्यांना व्यसनांवर भाषण झालं होतं, भिंतीवर चार्ट लावला होता. त्यावर गांजाचं पान होतं. सात बोटांचं, दातेरी. मी तिला झापलं. म्हटलं, भाजी आहे ती, तुझ्या आजीची भाजी. ती म्हणाली, बट मम्मा, सेम टू सेम. मी हसण्यावारी नेलं, आणि संध्याकाळी नवऱ्यालाही गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नाही. आत गेला, एक पान तोडलं, लाइटखाली धरून बघत राहिला. मग त्याने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. फॉइल लावलेली खिडकी, ट्यूबलाइटी, खताचं पाणी, पंप. मीही तेव्हाच ती खोली परक्या माणसाच्या नजरेने बघितली.

तरी एकवेळ आम्ही दार लावून गप्प बसलो असतो. पण गुरुवारी दुपारी बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, दारात आला. खालच्या फ्लॅटच्या छतातून पाणी गळतंय, तुमच्या स्टोअरच्याच खाली, शनिवारी मेंटेनन्सवाला येऊन बघेल, असं सांगून गेला.

संध्याकाळी नवरा आल्यावर किचनमध्ये आमची जुंपली. आवाज दाबून, पण जुंपली. नवरा म्हणाला, आजच्या आज सगळं काढून टाकू. माझं पित्त खवळलं. भाजीला घाबरायचं? फूल येऊ दे, पिवळं धमक फूल बघून आंधळ्यालाही कळेल. पण फूल येणार कुठून? अंबाडीला फुलायला लहान दिवस आणि लांब रात्र लागते, असं बाबाच सांगायचे, आणि पानं भरपूर यावीत म्हणून नवरा पहाटेपासून झोपेपर्यंत लाइट चालू ठेवायचा. आमच्या झाडांना रात्रच माहीत नव्हती. मी म्हटलं, पान खाऊन दाखवू त्या मेंटेनन्सवाल्याला. नवरा म्हणाला, "तुला माहीत आहे ती भाजी आहे. त्याला माहीत आहे का? तो विचारायला थांबेल का? तपासून खरं काय ते कळेपर्यंत माझी नोकरी खलास, व्हिसा खलास."

त्याचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येणार नाही. खसखशीची गोष्ट मलाही पाठ होती. पण मला बाबांचा चेहरा दिसत होता. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, त्यांना सांगायचं कसं?

सांगायची वेळच आली नाही. आमच्या घराच्या भिंती पातळ, आणि बाबांचे कान डेपोतल्या इंजिनांवर तयार झालेले.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आम्ही तिघं किराणा आणायला खाली गेलो. परत आलो तर हॉलमध्ये पेपर अंथरून बाबा बसले होते आणि समोर अंबाडीचा ढीग. एकही झाड ठेवलं नव्हतं. पानं निवडून झाली होती, देठांचे बारीक तुकडे करून पिशवीत भरले होते. स्टोअरमधले पाइप धुऊन कोरडे. माझ्याकडे न बघता म्हणाले, सगळीची भाजी करू, पोटात गेलं की संपलं.

भाजी त्यांनीच केली. मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. तुरीची डाळ, तांदळाच्या कण्या, शेंगदाणे, आणि वरून लाल मिरची-लसणाची चुरचुरीत फोडणी. आईची भाजी. बाबांनी आधी जावयाला वाढलं. नवरा चार भाकऱ्या खाऊन उठला. मी दोन घास खाल्ले आणि मला पुढे गिळवेना. बाबांनी स्वतःच्या ताटात डावभर घेतली, तेवढी संपवली, ताटावर हात धरला आणि म्हणाले, "जावईबापू, या आठवड्याचं तिकीट बघा माह्यं. मी तुमच्या घरात भार व्हायले नव्हतो आलो."

नवऱ्याने मान खाली घातली. त्या दिवशी त्याचा मला इतका राग आला की संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी शब्द बोलले नाही. बोल ना रे बाबा, एवढा तासतासभर बोलायचास ना! पण नाही. दुपारभर बाबा बॅग भरत होते. रुमालाची गाठ परत बांधली गेली. चार बिया उरल्या होत्या.

शनिवारी मेंटेनन्सवाला आला. केरळचा होता, घाईत होता. स्टोअरमध्ये डोकावलाही नाही. थेट स्टोअरच्या भिंतीपलीकडच्या एसीकडे गेला, मागचा पाणी जायचा पाइप हलवून बघितला, म्हणाला यही लीक है, टेप गुंडाळली आणि गेला. पाच मिनिटं. मी कपाळाला हात लावून सोफ्यावर बसले. गळती आमच्या बादलीची नव्हतीच. बाबा म्हणाले, जाऊ दे व. आज नाही तर उद्या कुणी बघितलंच असतं.

ते खरंही होतं. म्हणून मला आणखीच वाईट वाटलं.

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. बूट न काढता स्टोअरमध्ये गेला. मग तिकडून पंपाची घरघर ऐकू आली. बाबांनी पेपर खाली ठेवला. जरा वेळ ऐकत राहिले, मग उठून दारात गेले. मी त्यांच्या मागे. रिकाम्या पाइपांतून पाणी फिरत होतं, भोकाभोकांतून दिसत होतं. बादलीशेजारी मेथीच्या, पालकाच्या आणि कोथिंबिरीच्या बियांची पाकिटं पडली होती.

बाबा म्हणाले, बंद करा पंप, कायले उगाच लाइट जाळता. नवरा खाली वाकून काठीने बादलीत खत ढवळत होता. वर न बघताच बोलला.

"बाबा, मला वडील आठवत नाहीत. मी तीन वर्षांचा होतो. या खोलीत तुमच्याशी भांडण्यासाठी मी ऑफिसातून लवकर निघतो. तुम्ही गेलात तर मी कुणाशी भांडू?"

माझ्याशी भांड की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडाला कुलूप लावलं. बाबा आत गेले, नवऱ्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाले, खत जास्त घातलं तुम्ही. मग मेथीचं पाकीट फोडून बिया तळहातावर घेतल्या आणि चष्मा मागितला.

रात्री कालचीच अंबाडी होती. शिळी अंबाडी मुरते, जास्त छान लागते. बाबांना मी डावभर वाढली, थोडा भात वाढला. खाली मान घालून ते जेवत होते. सवयीने मी भांडं घेऊन परत त्यांच्याजवळ गेले, आणि सवयीनेच त्या हाताची वाट बघत थांबले.

हात आला नाही. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"वाढ ना माय," बाबा म्हणाले. "भूक हाय अजून."