अस्सल मुळांचं

सोडावाल्या वहिनींची खरी ख्याती उपळसरीच्या सरबताची. मुळं भिजवून, ठेचून, तासभर उकळायची, पाकात मुरवायची आणि तो काळपट अर्क बाटलीत घालून वर सोडा भरायचा. सासूनं नणंदेला शिकवलं, नणंदेनं वहिनींना. दुकानाच्या पाटीवर ठसठशीत लिहिलेलं होतं : अस्सल मुळांचं.

सहा वर्षांपूर्वी मुळं आणून देणारा माणूस वारला. आठवड्यापुरती सोय म्हणून वहिनींनी इसेन्सचा डबा आणला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. उलट गिऱ्हाइकं फेस छान येतो म्हणाली. आठवड्याची सहा वर्षं झाली.

मग एक निवृत्त प्राध्यापक वही घेऊन आले. आशियाभर हिंडून ते मुळांची सरबतं चाखत होते. कुठे सरबताला सांधेदुखीच्या मलमासारखा वास, कुठे वरून लिंबू, कुठे चिमूटभर मीठ. आता बहुतेक ठिकाणी इसेन्सच वापरतात, पण लोक तसं सरळ सांगतात, असं ते म्हणाले. वहिनींनाही सांगता आलं असतं. त्यांनी मात्र माळ्यावरची जुनी मुळं काढून देखाव्यापुरती पातेल्यात उकळत ठेवली आणि पाहुण्यांच्या हातात इसेन्सचीच बाटली दिली.

बऱ्याच वर्षांनी माहेरपणाला आलेल्या नणंदबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनीही घोट घेतला. प्राध्यापकांनी विचारलं, चव पूर्वीचीच का? नणंदबाईंनी अर्धा पेला खाली ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "आमच्या आईच्या हातचीच."

वहिनींची मान वर होईना. पाहुणे गेल्यावर नणंदबाईंनी पेला स्वतः विसळला.

"चारचौघांत तुझं नाक कापायचं नव्हतं मला. पण आईचं नाव घेऊन खोटं बोलले गं."

"चुकलं, वन्सं," एवढंच वहिनींच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी प्राध्यापकांच्या लॉजवर गेल्या. ते बॅग भरत होते. वहिनींनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी वही उघडली, अर्ध्या पानावर काट मारली आणि पुन्हा बॅग भरू लागले. बसा म्हणाले नाहीत.

वहिनींनी पाटीवरची अक्षरं खरवडली. विचारील त्याला खरं सांगितलं. बरेचजण हसले, चव आवडते ना, मग झालं, म्हणाले. समोरचे घड्याळवाले काका मात्र हसले नाहीत. त्यांच्या बायकोला मूत्रविकार होता, आणि उपळसरी थंड म्हणून ते रोज एक बाटली घरी नेत.

"तीन वर्षं पाजतोय तिला," ते हळूच म्हणाले.

 दोन गावं पालथी घालून वहिनींनी मुळं मिळवली. आता दर शनिवारी त्या पातेलंभर उकळतात आणि एक बाटली स्वतः घड्याळाच्या दुकानात नेऊन देतात. काका डोळ्यावरचं भिंग काढत नाहीत.

"ठेवा तिथे," म्हणतात.

वहिनी ठेवतात आणि खालमानेनं रस्ता ओलांडतात.