राखाडी चौकटीतली ओळ

वर्ना कांगासचं नाक दोनदा मोडलं होतं. पहिल्यांदा बापाने मोडलं, तेव्हा ते डावीकडे गेलं. दुसऱ्यांदा नवऱ्याने मोडलं, तेव्हा ते परत मधे आलं. "लग्नाचा मला तेवढाच फायदा झाला," असं ती स्वतःच सांगायची. त्या नवऱ्याच्या गळ्याजवळचं हाड तिने बिडाच्या तव्याने मोडलं होतं. घटस्फोटात तिने घर मागितलं नाही, तवा मागितला. पुढे बरीच वर्षं ती त्याच तव्यात अंडी तळत होती.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, हेमलॉक पॉइंट नावाच्या गावात, ही काही नवलाची गोष्ट नव्हती. खाण बंद पडली, लाकडाची गिरणी बंद पडली, पण मारामारी कधी बंद पडली नाही. कांगासांच्या घरात तर बोलण्याआधी हात चालायचा. वर्नाला लहानपणापासून एक खोड लागली होती: कुणाचा आवाज चढला की तिचं कोपर आपोआप नाकासमोर जायचं. थोरला भाऊ रेनो तिला त्यावरून चिडवायचा. "झालं बघ फाटक बंद," असं म्हणायचा. तो स्वतः बापावर गेला होता. धाकटा टॉयवो मात्र कुणावरच गेला नव्हता. तो मऊ होता, हसरा होता, आणि वर्नाने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं.

त्या टॉयवोला कुणीतरी तळ्यावर मारलं.

हिवाळ्यात तळं गोठलं की गावातले लोक बर्फावर लाकडी खोपटी ओढून नेतात, आत शेगडी पेटवतात, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतात. खोपट्याला कुलूप कुणी लावत नाही. टॉयवो त्याच्या खोपट्यात पडलेला सापडला, बर्फ फोडायच्या पहारीने डोक्याच्या मागचं हाड आत गेलेलं. भोकातलं पाणी लाल होऊन पुन्हा गोठलं होतं. शेरिफची माणसं आली, फोटो काढून गेली. पहार तिथेच होती. नव्हतं ते फक्त बर्फाला भोक पाडायचं गिरमिट.

ते गिरमिट म्हणजे आजोबांच्या वेळचं, हाताने फिरवायचं. मुठीला टॉयवोने हॉकीच्या काठीला लावतात ती पिवळी टेप गुंडाळली होती. मूठ डावीकडे वाकलेली होती, कारण रेनोने एकदा ते एका माणसाच्या पाठीत घातलं होतं.

"तू फक्त नाव शोधून काढ, वर्ने," दफनाच्या दिवशी रेनो म्हणाला. "बाकीचं मी बघतो."

वर्ना आमिषांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. जिवंत मासळी, किडे, गळ, दोरा. त्या भागातले सगळे मासेमार एका साइटवर जमायचे; आपण तिला चावडीच म्हणू. कुठे बर्फ किती जाड आहे, कुणाचं खोपटं विकायचंय, कुणाची बायको कुणाबरोबर पळाली, सगळं तिथे. वर्ना पूर्वी त्या चावडीची सभासद होती. मग एकदा तिने एका शहाण्याला त्याच्या आईवरून, आजीवरून आणि होडीवरून अशा शिव्या घातल्या की चावडीवाल्यांनी तिला कायमचं बाहेर काढलं. तेव्हापासून ती चावडी बाहेरूनच वाचायची. गूगलच्या खिडकीत आधी 'साइट' लिहायचं, मग एकावर एक दोन टिंबं, मग मधे जागा न सोडता चावडीचा पत्ता. की गूगल बाकी सगळं जग सोडून तेवढ्या एकाच घरात शिरतं. मग जे हवं ते लिहायचं, आणि शब्द जसेच्या तसे हवे असतील तर दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं. नको असलेल्या शब्दाला पुढे वजाबाकीची रेघ. ही विद्या तिला बर्फगाडीचे सुटे भाग शोधताना कुणीतरी शिकवली होती आणि ती तिला तव्याइतकीच हातात बसली होती.

एकच अडचण होती. पान उघडायला गेलं की चावडी सभासदाचं नाव विचारायची. त्यामुळे गूगल जेवढं दाखवेल तेवढंच तिला दिसायचं: पानाचं शीर्षक, लिहिणाऱ्याचं नाव आणि मजकुराच्या दोन ओळी. दाराच्या फटीतून घर बघायचं, तसं.

त्या फटीला ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत डोळा लावून बसली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेच. गिरमिट. पिवळी टेप. इंजिनवाली गिरमिटं तिने वजाबाकीने हाकलली. शेजारच्या गावातली, त्याच्या शेजारच्या गावातली सगळी जुनी अवजारं तिने पालथी घातली.

बर्फ पुन्हा धरला त्या आठवड्यात ते आलं. "...हाताचं जुनं गिरमिट, मुठीला पिवळी टेप, मूठ जराशी डावीकडे वाकलेली, धार चांगली..." आणि वर लिहिणाऱ्याचं नाव: ड्वेन पेल्की.

ड्वेन पेल्की म्हणजे इर्माचा नवरा. इर्मा म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण. दर शनिवारी दोघी इर्माच्या परसातल्या साउनात, त्या लाकडी घामखोलीत, शेजारी शेजारी बसायच्या. टॉयवोच्या शवपेटीला ड्वेनने खांदा दिला होता. त्याच खांद्याची आता तिला किळस आली. तिने पान उघडून पाहिलं, चावडीने नाव विचारलं. तिने खोटं नाव घालून नव्याने सभासदत्वाचा अर्ज केला. उत्तर आलं की अर्ज मिळाला, तपासून कळवू.

ती थांबली असती तर. पण कांगासांच्या रक्तात थांबणं नाही. तिने रेनोला फोन केला.

रेनोने काही विचारलं नाही. ड्वेन त्याच्या खोपट्यात वाकून गळाला आमिष लावत होता, तेव्हा रेनो मागून शिरला. आधी हातोडी जबड्यावर पडली, त्यामुळे ड्वेनला बोलायचं काही उरलं नाही. मग रेनोने त्याचे दोन्ही हात आळीपाळीने शेगडीच्या कडेवर ठेवले आणि बोटं फोडली. ड्वेन पालथा पडला तेव्हा त्याने त्याला केसांनी धरून बर्फावर आपटलं, पुन्हा पुन्हा, तोंड ओळखू येईनासं होईपर्यंत. मेला असं समजून तो निघून आला. वर्नाच्या स्वयंपाकघरात त्याने हात धुतले, वेलचीच्या पावाचा तुकडा तोडून कॉफीत बुडवला.

"गिरमिट नाही सापडलं," तो म्हणाला. "विकलं असणार भडव्याने."

"काही बोलला?"

"काय बोलणार? मी बोलायला गेलो नव्हतो."

वर्नाला बरं वाटलं. हे सांगायलाच हवं. वर्षभर छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं आणि त्या रात्री तिला पोटभर झोप लागली. ड्वेन मेला नव्हता, दुसऱ्या एका मासेमाराने त्याला उचलून आणला. वर्ना इस्पितळात इर्माजवळ जाऊन बसली, तिला कॉफी आणून दिली, तिचा हात हातात घेतला. मनात म्हणत होती, तुझा काही दोष नाही बये, पण तुझा नवरा याच लायकीचा होता.

आणि मग चावडीचं उत्तर आलं: तुमचा अर्ज मंजूर झाला आहे.

ते पान ती शेरिफसाठी छापून ठेवणार होती. रेनो पकडला गेलाच तर दाखवता येईल की ड्वेन कोण होता. तिने पान उघडलं. गिरमिटाच्या त्या ओळी एका राखाडी चौकटीत होत्या. चौकटीच्या वर लिहिलं होतं: क्लिफ नॉर्डबी म्हणतो. चावडीवर असंच असतं. दुसऱ्याच्या मजकुराला उत्तर द्यायचं तर तो मजकूर उचलून चौकटीत टाकायचा आणि खाली आपलं लिहायचं. हे वर्नाला माहीत होतं. तिने स्वतः शेकडो वेळा केलं होतं. मूळ जाहिरात नॉर्डबीने काढून टाकली होती, म्हणून गूगलला फक्त ही उचललेली प्रत सापडली, आणि पान ड्वेनचं म्हणून नाव ड्वेनचं.

चौकटीखाली ड्वेनने लिहिलं होतं: "हे गिरमिट टॉयवो कांगासचं आहे. वाकलेली मूठ मी ओळखतो. तुझ्याकडे कुठून आलं? रविवारी बघायला येतो."

गावात एवढी माणसं, तेवढ्यांत हे विचारणारा एकटा ड्वेन होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणून जातो. वर्नाने पान छापलं नाही, कोट चढवला आणि ती इर्माकडे निघाली.

शनिवार होता. इर्मा इस्पितळातून दुपारची घरी आली होती, सवयीने तिने साउना पेटवला होता. साउनाचा एक नियम असतो, तो इकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो: आत चर्चसारखं वागायचं. जुन्या काळी बायका बाळंतही तिथेच व्हायच्या. आवाज चढवायचा नाही, हात उगारायचा नाही. बापसुद्धा साउनात कुणाला मारत नसे. वर्नाने मुद्दाम ती जागा निवडली होती, हे तिला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. दोघी फळीवर बसल्या. इर्माने तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफेत वर्नाने सगळं सांगितलं. फट, ओळ, नाव, रेनो.

इर्माने पाण्याची पळी बादलीत ठेवली. मग सरळ आवाजात म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं गं. म्हणाला, टॉयवोचं गिरमिट दिसलंय, पण वर्नाला आत्ता बोलू नकोस. डोळ्यांनी बघून खात्री करतो, मग सांगू. तिच्या तोंडून नाव निघालं की रेनो कुणाचा तरी जीव घेईल."

वर्नाने टॉवेल तोंडावर ओढला.

"रविवारी जाणार होता तो," इर्मा म्हणाली. "तुमच्यासाठी."

"इर्मा, मी..."

"गप. उठ. बाहेर चल."

"बाहेर?"

"इथे नाही करायचं मला. इथे माझी आई जन्मली."

दोघी उघड्या अंगाने, टॉवेल धरून बर्फात आल्या. इर्माने रचलेल्या सरपणातून बर्चचं एक ओंडकं उचललं, वजन करून पाहिलं, ठेवलं आणि दुसरं जाड घेतलं. वर्नाचं कोपर नाकासमोर जायला निघालं. तिने ते मुकाट्याने खाली ओढलं. इर्माने दोन्ही हातांनी ओंडकं फिरवलं. जबडा मोडल्याचा आवाज वर्नाने आतून ऐकला. ती पडल्यावर इर्माने आणखी एक तडाखा बरगडीत घातला, आणि मग ओंडकं परत सरपणावर नीट ठेवलं.

त्यानंतर तिने वर्नाला बगलेत धरून आत नेलं, फळीवर बसवलं आणि कोमट पाण्याने तिच्या तोंडावरचं, छातीवरचं रक्त धुतलं. कपडे घातले. गाडीत घालून त्याच इस्पितळात नेलं. वाटेत दोघींपैकी कुणी काही बोललं नाही. एकीला बोलता येत नव्हतं.

डॉक्टरांनी जबडा तारेने बांधला. शेरिफचा माणूस वही घेऊन आला, कुणी मारलं विचारलं. वर्नाने लिहिलं: बर्फावर घसरले. तो हसला आणि वही मिटायला लागला. तिने त्याचं मनगट धरलं, वही ओढून घेतली आणि पुढे बरंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तर रेनो स्वयंपाकघरात होता. तिचं तोंड बघून तो उठला.

"कोणी केलं हे?"

तिने मान हलवली. टेबलावरच्या कागदावर तिने ड्वेनचं चावडीवरचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खाली लिहिलं, हे ड्वेनने विचारलं होतं, गिरमिट त्याचं नव्हतं. रेनोने कागद हातात धरून वाचला. त्याचे ओठ वाचताना हलत होते. त्याने पुन्हा वाचला. वर्ना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ड्वेनबद्दल एक शब्द तरी येईल म्हणून.

"मग गिरमिट कुणाकडे आहे?" रेनो म्हणाला. "नाव लिही."

तिने लिहिलं: शेरिफला दिलं.

"मला दे म्हटलं होतं मी." त्याचा आवाज चढला, खुर्ची मागे पडली, मूठ वर गेली. "मला, वर्ने."

वर्नाचे दोन्ही हात टेबलावर होते. ते तिथेच राहिले. रेनो थांबला, एवढ्या वर्षांत ते कोपर वर न येताना त्याने प्रथमच पाहिलं.

"तेवढं एकच नाव दिलंस?" त्याने विचारलं.

तिने तीन बोटं दाखवली.

"एक तो. दुसरं?"

तिने पेन्सिल त्याच्याकडे रोखली. मग न विचारताच ती फिरवून स्वतःच्या छातीला लावली.

बाहेर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या खड्याच्या मिठावर गाडीची चाकं वाजली. रेनोने खिडकीतून पाहिलं. मागच्या दाराकडेही एकदा पाहिलं. मग पडलेली खुर्ची उचलून तो बसला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"ड्वेनचा डोळा गेला म्हणतात," तो म्हणाला. "कुठला?"

वर्नाने पेन्सिल खाली ठेवली आणि आपल्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. पायऱ्यांवर बुटांचा बर्फ झटकल्याचा आवाज आला तरी तिने तो काढला नाही.