मुहूर्ताआधी वाजलेलं ट्रम्पेट

माझं लग्न दोन वेळा लागलं. एकाच संध्याकाळी, एकाच मांडवात आणि एकाच नवऱ्याशी.

आमच्या ह्यांना ही गोष्ट चारचौघांत सांगितलेली आवडत नाही. ("आता कायले ते उकरून काढून राहिली?") पण परवा मी तांदूळ निवडत बसले होते आणि नातवानं कुठल्याशा विलायती बँडचं संगीत लावलं. दहा-पंधरा ट्रम्पेट एकदम किंचाळली, आणि मी काय करावं? हातातली तांदळाची मूठ सरळ नातवाच्या डोक्यावर टाकली! सून धावत आली. "आई, बरं वाटत नाही का?" म्हटलं, बस बाई, आता सांगणं आलंच.

आमचे बाबा अमरावतीला शाळेत ड्रिल मास्तर होते. लढाईच्या काळात ते पलटणीच्या कोठारात कारकून. बंदुका त्यांनी मोजल्या असतील, चालवली एकही नाही! पण त्या पलटणीत गोऱ्या साहेबांचा मोठा बँड होता, आणि त्या बँडनं बाबांना जे झपाटलं ते कायमचं. घरी येताना त्यांनी एक फोनो आणि एक तबकडी आणली. स्विंग म्हणतात म्हणे त्या प्रकाराला. आई त्याला "तुमचा तो गलबला" म्हणायची.

त्या तबकडीला एक वाईट खोड होती. चाल जोरात सुरू व्हायची, मग तीच ओळ हळू, आणखी हळू, शेवटी कानात कुजबुजल्यासारखी व्हायची. संपलं बुवा एकदाचं, असं म्हणून पाहुणा चप्पल शोधायला उठला की सगळी ट्रम्पेट एकदम भडकायची! दूधवाल्यानं एकदा अर्धा शेर दूध आमच्या उंबऱ्यावर ओतलं होतं. बाबांना नेमका तोच भाग प्यारा. डोळे मिटून, बोट वर धरून म्हणायचे, "थांबा, थांबा... मेली नाई ते. आता उठते पहा!"

सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. मला बघायला अकोल्याहून मंडळी आली. मुलाचे वडील, म्हणजे पुढे माझे मामंजी, अकोल्याचे नाणावलेले वकील. चेहरा असा, की समोरच्यानं न केलेला गुन्हा कबूल करावा. पोहे झाले, चहा झाला, आणि आई डोळ्यांनी नको नको म्हणत असताना बाबांनी तबकडी लावली! सगळी मंडळी भेटायला आल्यासारखी नव्हे, तर समाचाराला आल्यासारखी बसली. एकटा मुलगा तेवढा खुर्चीखाली पाय हलवून ताल धरत होता. चाल हळू झाली, मंडळी उठू लागली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "बसा जी, अजून हाय ते."

झालं! मी त्याच क्षणी ठरवलं, करीन तर हाच. आमच्या घरात बाबांच्या गलबल्याचा शेवट ओळखणारा तो पहिला बाहेरचा माणूस होता. मला तो मनापासून आवडला, खोटं कशाला बोलू.

मामंजींनी होकार दिला, पण एका अटीवर. "थोरल्याच्या लग्नात मुहूर्त टळला. सहा महिन्यांत सुनेनं चूल वेगळी मांडली. यावेळी मुहूर्त म्हंजे मुहूर्त! चुकला तं वऱ्हाड तसंच अकोल्याले परत नेईन."

"वकीलसाहेब, ड्रिल मास्तर आहे मी," बाबा छाती काढून म्हणाले. "माझ्या मांडवात पान हलेल ते शिट्टीवर!"

आई तेव्हाच पुटपुटली, "झालं कल्याण."

लग्नात बँड आणि त्याच चालीचा, हे बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं. गावात उस्मान मास्तरांचा बँड नावाजलेला. त्यांना रोज संध्याकाळी घरी बोलावून तबकडी ऐकवायची, असा क्रम सुरू झाला. उस्मान मास्तर भला माणूस. आधी म्हणाले, "अजी ड्रिल मास्तर, ये कायका बाजा है? अपने लोकाईले नाई जमत." पण हळूहळू तेही त्या नादाला लागले. शेवटी तर आमच्या ओसरीवर दोघंही डोळे मिटून, बोट वर धरून बसलेले! इतकी तालीम झाली, की बँडवाले बाकीच्या चाली विसरले म्हणायचे.

लग्न शाळेच्या पटांगणात, गोरज मुहूर्तावर. अकोल्याची मंडळी बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरली, वाजतगाजत आली, सगळं यथासांग. मामंजी हातात घड्याळ घेऊनच फिरत होते. मुहूर्ताला चांगला अवकाश होता, म्हणून गुरुजींनी मंगलाष्टकं सावकाश, आळवून म्हणायचं ठरवलं. अंतरपाटाचं एक टोक आमच्या गुरुजींच्या हातात, दुसरं अकोल्याहून आलेल्या गुरुजींच्या. मी हार घेऊन अलीकडे उभी, हे पलीकडे.

नवरदेव बोहल्यावर चढताना बाबांची चाल सुरू झाली होती. ती हळू झाली. आणखी हळू झाली. इतकी हळू, की ऐकूच येईना. गुरुजींना वाटलं, बँड थांबला. त्यांनी खाकरून पहिलं मंगलाष्टक सुरू केलं. मी मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांचे डोळे मिटलेले आणि बोट वर!

"मामा," मी मागे उभ्या असलेल्या मामाला म्हटलं, "बाबांना हलवा!"

"चूप राय! नवरीनं बोलू नये."

गुरुजींनी सूर लांबवला, "साऽवऽधाऽऽन!" आणि त्याच ठोक्याला सगळी ट्रम्पेट भडकली!

आता आपल्याकडे काय, 'सावधान' म्हटलं आणि बँड वाजला की लग्न लागलं. पुढे कोणी विचार करत नाही, हात आपोआप चालतात. अकोल्याच्या गुरुजींनी सवयीनं आपलं टोक सोडलं. सगळ्या मांडवानं होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता आमच्यावर रित्या केल्या. मामानं मागून ढोसलं, "घाल, घाल!" मी हार घातला. ह्यांनीही घातला. बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली, आणि आचाऱ्यानं आरोळी दिली, "चला, पहिली पंगत!" अर्धा मांडव जिलबीकडे धावला.

"थांबा होऽ!" आमचे गुरुजी ओरडत होते. "एकच मंगलाष्टक झालं! अजून मुहूर्त यायचा आहे!"

बँड मात्र थांबेना. उस्मान मास्तरांना एवढ्या महिन्यांत प्रथमच ती चाल बिनचूक साधली होती, आणि बाबा आनंदानं त्यांच्यासमोर ड्रिल केल्यासारखे हात हलवत होते! आईनं जाऊन ढोलावर हात ठेवला तेव्हा कुठे शांतता झाली.

मामंजी बोहल्याजवळ आले. घड्याळ बाबांच्या नाकासमोर धरलं. "मास्तर, हे काय करून ठेवलं? वीस मिनिटं बाकी हायेत! हे लग्न लागलंच नाई! चला रे, सामान उचला. अकोल्याची गाडी पकडू."

बाबांची छाती आत गेली. उभ्या आयुष्यात मी ती आत गेलेली पाहिली नव्हती. "वकीलसाहेब, चूक माझी. पोरीची नाही..." ते हात जोडून म्हणाले, आणि मला रडूच कोसळलं. गळ्यात हार, केसांत तांदूळ आणि नवरा गाडीला निघालेला!

तेवढ्यात नवरदेव बोलले. "बाबा, मुदत टळल्यावर आलेला दावा तुमी खारीज म्हनता. हा तं मुदतीच्या आधी आला! मुहूर्त गेला कुठी? यायचाच हाय नं? परत लावा."

मामंजींनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. "बरं," ते शेवटी म्हणाले, "पन आता बँडापाशी मी सोता उभा राहीन. मी हात खाली केल्याबिगर फुंकर मारायची नाई!"

पुन्हा तयारी. आम्ही हार काढले. पंगतीतून माणसं उठवून आणली, काहींच्या हातात जिलबी तशीच. अक्षता संपलेल्या, म्हणून आचाऱ्याच्या पोत्यातले तांदूळ आणून बायकांनी घाईघाईनं हळद-कुंकू लावलं. मामंजी उस्मान मास्तरांच्या ट्रम्पेटवर पंजा ठेवून पहारेकऱ्यासारखे उभे. मंगलाष्टकं झाली, शेवटचं 'सावधान' झालं, घड्याळाचा काटा जागेवर आला आणि मामंजींनी हात खाली केला.

बँड वाजला. तीच चाल! दुसरी येतच कुठे होती?

पण आता कोणाचा विश्वास बसेना. अक्षता मुठीत, हात वर, सगळे स्तब्ध! आमचे गुरुजी अकोल्याच्या गुरुजींकडे पाहतात, ते मामंजींकडे, मामंजी घड्याळाकडे. चाल हळू झाली. "सोडू नका!" मामंजी ओरडले. "हे फसवं हाय! थांबा!" बाबा ओरडले, "सोडा, सोडा, हेच खरं आहे!" त्यांचं कोण ऐकणार? मुहूर्ताची घटका चालली होती, आणि अंतरपाट दोन गुरुजींनी असा घट्ट धरलेला, की जणू वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यात उडेल.

माझा धीर सुटला. म्हटलं, ह्या चालीच्या नादात हा नवरा हातचा जाणार! मी हार डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं अंतरपाट धरला आणि असा हिसडा मारला, की दोन्ही गुरुजी एकमेकांच्या अंगावर गेले! ह्यांच्या गळ्यात हार घातला आणि ओरडले, "टाका अक्षता!"

मग पडल्या एकदाच्या अक्षता. मुहूर्त साधला. अकोल्याच्या बायका पुढे कित्येक वर्षं मला बोटानं दाखवत, "अवो बाई, हेच ते! सोताच्या हातानं अंतरपाट वढनारी!"

संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. आमची तर रोज लागतात. माझ्या मैत्रिणी वैतागल्या की आईबापांना बोल लावतात, मध्यस्थाला लावतात, पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना लावतात, आणि मन मोकळं करून मोकळ्या होतात. मी तोंड उघडलं की हे पेपरातून मानही वर न करता विचारतात, "अंतरपाट ओढला कोनं होता?"