विहीणबाईंचा इन्स्पेक्टर

अख्ख्या भुईगावात माझ्या विहीणबाईंइतके खून कोणी पाहिले नसतील. सुनेच्या या मातोश्री, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, केळीच्या सावलीत आरामखुर्ची टाकून जपानी चित्रकथा वाचतात: कापलेली मुंडकी, विहिरीतून वर येणारे हात आणि या सगळ्यामागे वर्षानुवर्षे धावणारा एक टकला, खोकणारा इन्स्पेक्टर. रोझरीच्या जपात त्याच्यासाठी एक नमो मारिया जास्तीची असते. नव्या फादरांनी एकदा पुस्तक चाळून विचारलं, "टीचर, हे वाचून झोप लागते?" त्या म्हणाल्या, "फादर, जुन्या करारात याहून जास्त मुडदे आहेत. तो वाचूनही लागते."

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात गाव मटण सोडतं, विहीणबाई खून सोडतात. यंदा मालिकेचा शेवटाकडचा, वर्षभर वाट पाहिलेला भाग नेमका उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी आला. कपाळावरची राख तशीच घेऊन त्या आमच्याकडे आल्या. "व्याही, ईस्टरपर्यंत तुमच्या कपाटात ठेवा. माझा माझ्यावर भरवसा नाही." खरं तर माझ्यावरही ठेवायला नको होता. मी पुस्तक आपल्या रीतीने उघडलं, तर पहिल्याच पानावर इन्स्पेक्टरची शवपेटी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चबाहेर मी सहानुभूतीने म्हणालो, "तुमचा इन्स्पेक्टर सुरुवातीलाच गेला हो."

विहीणबाईंच्या हातातली झावळी खाली आली. "व्याही, ही पुस्तकं उजवीकडून वाचतात. तुम्ही शेवट पाहिलात."

ईस्टर झाला, पण त्या पुस्तक न्यायला आल्या नाहीत. आरामखुर्ची घडी करून पडवीत गेली. फादरांनी प्रवचनात टीचरांच्या हृदयपरिवर्तनाचा दाखला दिला, लोकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. म्हणून हे लिहितो आहे: त्यांचं वाचन फादरांच्या उपदेशाने सुटलं नाही, माझ्या आगाऊपणाने सुटलं.

परवा पुस्तक घेऊन गेलो आणि माफी मागितली. "माफी राहू द्या," त्या म्हणाल्या. "बसा आणि वाचून दाखवा. उजवीकडून." मी वाचू लागलो. पान उलटताना माझा हात अडखळला की त्यांचा चेहरा खुलायचा. "डोळे उघडा व्याही, एकच तर हात तुटलाय." थोडीच पानं उरली तेव्हा इन्स्पेक्टर रस्त्याकडेच्या टपरीत, खोकत, शेवयांचा वाडगा पुढे घेऊन एकटाच बसला होता. मी पान उलटणार, तोच विहीणबाईंनी पुस्तकावर तळहात ठेवला.

"इथंच थांबू," त्या म्हणाल्या. "त्याला जेवू द्या."