गप करणं आणि झोपवणं

बाळाला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायचे. मग एक तळवा स्वतःच्या गालाला लावून बघायचे आणि म्हणायचे, "आता दे." भिवंडीच्या उकाड्यातसुद्धा हा नेम चुकला नाही.

आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. धामणकर नाक्यामागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या खोलीत एकटेच राहायचे. मूळचे अंजूरचे. सगळा जन्म कापडाच्या लूमवर मिस्त्री म्हणून गेला, त्या खडखडाटात डावा कान कामातून गेला. आवाज असा, की मला 'चहा झाला का' विचारलं तर उत्तर खालच्या मजल्यावरून यायचं. हा माणूस तान्ही मुलं झोपवतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

माझी रेवा तेव्हा तीन महिन्यांची होती. दुपारी जी रडायला लागायची ती दिवेलागणीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, काही आठवड्यांत थांबेल. पण ते आठवडे काढायचे कसे? नवरा वळ गावच्या गोदामात ड्युटीवर, सासूबाई गावी, मला माहेरी आई नाही.

एका दुपारी काका दारात उभे राहिले. "बाय, ही माझ्या गेलेल्या कानालाबी ऐकू येते. दे जरा."

मला वाटलं, आता जादू होणार. कसली जादू! अर्धा तास रेवा त्यांच्याही खांद्यावर भोकाड पसरून रडली. ते आपले खोलीतल्या खोलीत हळूहळू फिरत तिलाच समजावत होते, "घाई कोनाला हाय? आपल्याला शिफ्ट न्हाय." रडणं मधूनमधून तुटायला लागलं. डोळे मिटले तरी त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. तिची मूठ सैल पडली, तेव्हा कुठे अलगद उताणी निजवली आणि तळवा तिच्या छातीवर तसाच राहू दिला. पुष्कळ वेळ.

मग ते रोज यायला लागले. कधी रेवा झोपायची, कधी नाही. "पोर रडते म्हंजे तुझं चुकते असं न्हाय," हे मात्र मला रोज सांगायचे.

माझी रजा संपायला दहा दिवस उरले, तशी एकच काळजी लागली, अशी रडणारी पोर पाळणाघर ठेवून घेईल का? कामावरच्या मैत्रिणीने सर्दीच्या औषधाची बाटली आणून दिली. "अर्धा चमचा पाज, चार तास हलणार नाही." त्या दुपारी चमचा भरून मी रेवाला मांडीवर घेतलं, तेवढ्यात काका आले.

"सर्दी झाली हिला?"

"नाही. झोपेल म्हणून... सगळ्या देतात, काका."

त्यांनी माझ्या हातातून चमचा घेतला आणि मोरीत ओतला. "हे झोपवनं न्हाय, बाय. हे गप करनं हाय."

माझा तोल गेला. "तुम्हाला काय जातंय बोलायला? तासभर घेता आणि घरी जाता!"

काका उंबऱ्यावर बसले. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"माझी नाईट असायची. दिवसा झोप पायजे. पोरगी रडायची. कोनीतरी सांगितलं, मी असलंच कायतरी आनलं. बायको नको म्हनत व्हती, मीच पाजलं. दुपारी उठलो तं पोर हलत न्हाय. दोन दिवस दवाखान्यात तिचा पाय धरून बसलो. तवा कळलं, तोवर मी तिला नीट घेतलीच नव्हती."

"मग?"

"वाचली. वसईला मास्तरीण हाय. पन तिला म्हायती न्हाय."

मी बाटलीही मोरीत रिकामी केली आणि रडत बसले. त्यांनी हात घासले, रेवाला उचललं आणि मला म्हणाले, "तू झोप."

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. रेवा त्यांच्या खांद्यावर टक्क जागी, गाल ओले. काका मात्र खूश. "ही न्हाय झोपली. पन दोघींतली एक तरी झोपली!"

चौथ्या महिन्यात रेवाचं रडणं ओसरलं. मी कामावर जायला लागले, ती पाळणाघरात रमली. पुढे काकांच्या मुलीला मुलगी झाली. ती बोलवत होती आणि हे जात नव्हते. "सांगितल्याबिगर तिच्या पोरीला हात कसा लावू?"

एका रविवारी त्यांनी दार लावून तिला फोन केला. त्यांचा आवाज तो, पण बाहेर एक शब्द ऐकू आला नाही. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाली?"

"सगळं ऐकून घेतलं. मंग म्हनली, बाबा, माझी रजा सोमवारी संपते. तुम्ही या."

ते गेले ते तिकडचेच झाले. समोरच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

परवा त्यांच्या मुलीने एक व्हिडिओ पाठवला. भरदुपार. गोधडीवर नात उताणी पडून टकामका बघतेय, पाय झाडतेय. शेजारी भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून काका घोरताहेत. आणि व्हिडिओ काढणारी लेक हसू दाबत कुजबुजतेय, "हळू गं चिमणे, बाबा आत्ताच झोपलेत."